उत्तरदाता क्रमांक १४३

दोनशे फॉर्म भरून आणायचे होते,
फरशी पुसायच्या एका नव्या द्रवासाठी.
कन्नमवार नगरात चार दुपारी फिरलो,
गळ्यात कॉलेजचं कार्ड, हातात क्लिपबोर्ड,
तोंडात सरांनी घोकून घेतलेलं वाक्य:
फक्त तीन मिनिटं घेईन.

तीन मिनिटं कोणाकडेच नव्हती.
दुसऱ्या मजल्यावरच्या दांडगे आजोबांकडे मात्र अख्खी दुपार होती.
त्यांनी बसवलं, पाणी दिलं,
मोतीबिंदूचं ऑपरेशन डोळ्यासकट दाखवलं,
आणि चौथ्या प्रश्नाला म्हणाले,
फरशी सून पुसते, तिला विचार.
सून उंबऱ्यातूनच म्हणाली,
बाटली हे आणतात, ह्यांना विचारा.
हे भाईंदरला, कामावर.
वापरणारा एक, निवडणारा दुसरा, पैसे देणारा तिसरा:
दुसऱ्या सेमिस्टरला होतं आम्हाला,
सात मार्कांना.
तो रकाना मी कोरा सोडला.

एकाहत्तर झाले.
उरलेले एकशे एकोणतीस
कालिन्याच्या कॅन्टीनमध्ये बसून भरले,
तीन पेनं, दोन हात.
डावा हात ज्येष्ठ नागरिकांसाठी.
हर्षिल गडा समोसा खात वयं पुरवत होता:
चौतीस घे, सेहेचाळीस घे,
एकसष्टवाले कमी पडतायत, दोन टाक.

एकशे त्रेचाळिसाव्याला लिंबू लिहायचा कंटाळा आला.
आवडता सुगंध: इतर.
पुढच्या रेघेवर लिहिलं, केवडा.
कारण: माहेरच्या ट्रंकेत साड्यांमध्ये कणीस ठेवायचे.
स्त्री. वय बावन्न,
कारण नलूमावशी त्यापुढे गेलीच नाही.
उत्पन्न गट क.
कुठल्याच गटात बसत नव्हती ती,
मी बसवली.

इंटरव्ह्यू अंधेरीला, अकराव्या मजल्यावर.
भावाचा कोट, खांद्यात सैल.
बाजाराचा आकार सांगितला, वाढीचा दर सांगितला,
मग भरुचा मॅडमनी फाइल मिटली.
म्हणाल्या, टक्के पुरे.
एक माणूस सांग.

एकाहत्तर खरी माणसं होती माझ्याकडे,
ऑपरेशन झालेला तो डोळा होता.
तोंडातून आली ती एकशे त्रेचाळीस.
म्हटलं, ती दुकानात झाकण उघडून आधी वास घेते,
वाणी ओरडतो तरी घेते,
आणि आवडला तरी
भाव विचारून बाटली परत ठेवते.
परत ठेवताना लेबल पुढे करून ठेवते,
तिरकी राहू देत नाही.

मॅडमचं पेन थांबलं.
खोटं बोलतोय असं मला वाटेना,
खरं बोलतोय असंही.

नोकरी लागली. पेढे वाटले.
हर्षिल म्हणाला, एकसष्टवाल्यांना पण पाठव.

पुढच्या वर्षी ती बाटली आली,
पिवळट, वर काटेरी पानाचं चित्र.
माझ्या फॉर्ममुळे, असं म्हणवत नाही.
दोनशेतला एक म्हणजे अर्धा टक्का,
अर्ध्या टक्क्यावर कोणी कारखान्याची टाकी बदलत नाही.
कदाचित वरच्या कोणाची तरी
अशीच एक ट्रंक असेल.
मी जुने अहवाल उघडून पाहिले.
केवड्यासमोर नुसती बरोबरची खूण होती,
सही नव्हती.

आईला मी काही सांगितलं नव्हतं.
तिने ती मुलुंडला स्वतःच घेतली,
बाविसावर तीन रुपये सूट होती म्हणून.

संध्याकाळी घरी आलो तर
स्वयंपाकघरात ती फडकं हातात धरून
नुसती उभी.
म्हणाली, नलूची ट्रंक रे.
मग थोड्या वेळाने,
ह्या कंपन्यांना कसं कळतं?

मी बूट काढत होतो.
एक बूट हातात तसाच राहिला.
म्हटलं, सर्व्हे करतात.

असेल, म्हणाली.
आमच्याकडे नाही कधी कोणी आलं विचारायला.
मग फडकं पिळलं,
थांब तिथेच, ओलं आहे,
पाय उमटतील.

मी उंबऱ्यात उभा.